उघडेपणा मोजायचा तो पॅकेजमध्ये

एखादं मोबाइल ॲप 'ओपन सोर्स' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण त्याची रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायची सार्वजनिक जागा, पाहिलेली असते. कोड दिसतो आहे, सुरुवातीलाच परवान्याची फाइल आहे, बदल सुचवायची सोय आहे. झालं, शिक्का बसला. पण वापरणाऱ्याच्या फोनवर रिपॉझिटरी जात नाही. जातं ते पॅकेज. अँड्रॉइडवर एपीके, आयफोनवर आयपीए. आणि त्या पॅकेजमध्ये ॲप करणाऱ्यांनी स्वतः लिहिलेला कोड पुष्कळदा कमीच असतो. बाकीचा ऐवज बाहेरचा. चित्रं उलगडणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडाचा संच, एकाची, नेटवर्कशी बोलणारी दुसऱ्याची, नकाशा तिसऱ्याचा, फॉन्ट चौथ्याचा, आणि सूचना पोचवणारा तुकडा एखाद्या कंपनीचा, ज्याचा सोर्स कोड बाहेरच्या कोणी पाहिलेलाच नाही.

तेव्हा रिपॉझिटरी बघून शिक्का मारणं आता थांबवावं, असं मला वाटतं. माणसाच्या हातात जे पॅकेज पडतं, त्यातल्या प्रत्येक घटकाचं नाव, आवृत्ती, परवाना आणि उगम सांगता यावा, आणि तो घटक पुढे वाटायचा हक्क आहे की नाही तेही सांगता यावं. बंद घटक घालूच नयेत असा माझा आग्रह नाही. घातले असतील तर ते बाहेरून दिसले पाहिजेत, आणि ते पोटात असताना सगळ्या पॅकेजवर 'ओपन सोर्स' लिहू नये, इतकंच.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं येतं: हा वकिली कीस झाला, कोड लिहिणाऱ्यांना त्याच्याशी काय करायचंय? पण जीपीएलसारख्या, सोर्स पुढेही खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्यांच्या अटी मुळात लागू होतात त्या वाटपाला. स्वतःच्या संगणकावर कुठल्याही दोन गोष्टी एकत्र करा, परवाना काही विचारत नाही. तयार झालेली प्रत दुसऱ्याला दिली की त्याच क्षणी सगळ्या अटी जाग्या होतात. मोबाइल ॲप तर जन्माला येतं तेच वाटण्यासाठी. प्रत्येक अपडेट म्हणजे नवं वाटप. त्यामुळे मोबाइलच्या जगात परवान्याचा प्रश्न कोड लिहिताना नाही, रिलीजचं बटण दाबताना उभा राहतो; आणि नेमका तेव्हा तो कोणाच्याच डोक्यात नसतो.

याचा पहिला मोठा धडा २००९ सालीच मिळाला होता. अँड्रॉइडचा बहुतेक सोर्स कोड अपाचे २.० परवान्याखाली आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएलखाली खुला होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. स्टीव्ह कोंडिक यांची सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडची सुधारित आवृत्ती लोकप्रिय होत होती. तिच्यात जीमेल, मॅप्स, यूट्यूब आणि तेव्हाचं अँड्रॉइड मार्केट ही गूगलची ॲप्सही सोबत दिली जात. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलनं कायदेशीर नोटीस धाडली: ही ॲप्स आमची आहेत, त्यांचा सोर्स खुला नाही, ती वाटायचा परवाना तुम्हाला दिलेला नाही. मोठा गदारोळ झाला. खुल्या व्यवस्थेचा बुरखा फाटला वगैरे पुष्कळ बोललं गेलं.

कायद्यानं गूगलची बाजू बरोबर होती, यात मला तरी शंका वाटत नाही. ज्या फोनवर ती ॲप्स विकत घेतानाच आलेली होती, त्याच फोनवर ती पुन्हा टाकायला काय हरकत, हा लोकांचा सवालही चुकीचा नव्हता. पण हक्क फोनधारकाला वापराचा मिळालेला होता, सायनोजेनमॉडला वाटपाचा मिळालेला नव्हता. यातून जी वाट काढली गेली ती मला आजही आवडते. आधी फोन बनवणाऱ्या एचटीसीनं डेव्हलपरांसाठी स्वतःच्या साइटवर ठेवलेली अधिकृत इमेज, म्हणजे सिस्टिमची तयार प्रत, फोनवर टाकायची, आणि तिच्यावर लगेच सायनोजेनमॉड. म्हणजे गूगलची ॲप्स येणार ती ज्याला वाटपाचा हक्क आहे त्याच्याकडून, आणि खुला भाग येणार खुल्या प्रकल्पाकडून. पुढे 'गॅप्स'ची, म्हणजे गूगलच्या ॲप्सची, झिप वेगळी ठेवायची पद्धत रूढ झाली. वापरणाऱ्याला दोन पायऱ्या वाढल्या, कटकट झाली. पण सायनोजेनमॉडच्या पॅकेजमध्ये आता सायनोजेनमॉडला वाटता येईल तेवढंच होतं, आणि बाकीचं कुठून आणायचं ते प्रत्येकाला माहीत होतं. त्या प्रकल्पातून पुढे लिनिएजओएस निघालं. तेही गूगलची ॲप्स सोबत देत नाही, आणि कोणाला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

आश्चर्य वाटावं अशी गोष्ट त्यानंतर घडली, आणि ती कोणतीही नोटीस न येता घडली. २०१२ पासून गूगल प्ले सर्व्हिसेस हा बंद घटक बहुतेक अँड्रॉइड फोनांवर बसू लागला. पुश सूचना, नकाशे, ठिकाण शोधणं, साइन-इन या गोष्टी हळूहळू तिकडे सरकल्या. ॲपला त्या वापरायच्या असतील तर त्याच्यात गूगलची क्लायंट लायब्ररी जोडावी लागते. ती लायब्ररी फोनवर आधीच असते असा अनेकांचा समज आहे. सेवा फोनवर असते. क्लायंट लायब्ररी एपीकेच्या आत, ॲपच्या कोडात मिसळून जाते. आणि तिचा परवाना खुला नाही.

आता हे ॲप जीपीएलखाली असेल तर? जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य घटकांना सूट आहे, त्यांचा सोर्स द्यावा लागत नाही. पण तिथेच अट आहे की तो घटक प्रोग्रामसोबतच दिला जात असेल तर सूट संपली. क्लायंट लायब्ररी तर सोबतच चालली आहे. ॲपचा सगळा कोड एकट्या माणसानं लिहिलेला असेल तर प्रश्न मिटतो, कारण तो स्वतःच्या कोडावर स्वतःच जादा परवानगी देऊ शकतो. मात्र बाहेरच्या लोकांनी जीपीएल समजून पॅच, म्हणजे कोडातले बदल, पाठवले असतील, किंवा दुसऱ्या कोणाची जीपीएल लायब्ररी आत असेल, तर ती परवानगी द्यायचा हक्क प्रकल्प चालवणाऱ्याला उरतच नाही. असे प्रकल्प थोडेथोडके नाहीत. त्यांच्यावर कोणी खटला भरत नाही, कारण भरू शकणारे लोक त्यांचेच सहकारी असतात. म्हणून सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.

हे सरळ करता येतं, हे दाखवणारे प्रकल्पही आहेत. अँटेनापॉड हे पॉडकास्ट ऐकायचं ॲप घ्या. त्याचे ग्रेडलमध्ये, म्हणजे कोडातून पॅकेज बांधायच्या साधनात, दोन वेगळे बिल्ड ठेवलेले आहेत: एक प्ले स्टोअरसाठी, एक 'फ्री'. दुसऱ्यात क्रोमकास्टवर आवाज पाठवायची सोय नाही, कारण ती गूगलच्या बंद लायब्ररीवर उभी आहे. हवं ते घ्या. पण कशात काय आहे हे नावातच कळतं. दोन बिल्ड सांभाळायला कष्ट पडतात, चाचण्या दुप्पट होतात, हे मान्य. तरीही बंद घटक कोडात एका ठिकाणी कोंडून ठेवायचा, त्याच्याभोवती पातळ भिंत घालायची आणि ती काढली तरी ॲप उभं राहतं ना ते बघायचं, ही शिस्त परवान्यापलीकडेही उपयोगी आहे. उद्या त्या कंपनीनं सेवा बंद केली, की याच भिंतीमुळे ॲप वाचतं.

परवान्यांबद्दलची बेफिकिरी प्रत्यक्षात कशी दिसते, ते पाहायचं तर ग्रेडलच्या बिल्ड फाइलमधली एक ओळ पुरेशी आहे. जावाच्या अनेक लायब्ऱ्या आपल्या जार फाइलमध्ये मेटा-इन्फ नावाच्या फोल्डरात परवान्याचा मजकूर ठेवतात. दोन लायब्ऱ्यांमध्ये एकाच नावाची लायसन्स फाइल आली की अँड्रॉइडचा बिल्ड अडतो: एकच फाइल दोनदा सापडली, पुढे जाता येत नाही. यावर वर्षानुवर्षं फिरणारा उपाय असा, की पॅकेजिंगच्या पर्यायांमध्ये 'एक्स्क्लूड' लिहायचं आणि पुढे त्या लायसन्स फाइलचं नाव द्यायचं. मग नोटिस फाइलवरून अडलं की तिच्यासाठी तशीच आणखी एक ओळ. बिल्ड हिरवा होतो. असंख्य प्रकल्पांत या ओळी कॉपी होऊन पडल्या आहेत. आणि एमआयटी परवाना मागतो काय? तर हक्काची (कॉपीराइटची) सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत द्या. अपाचे २.० मागतो की परवान्याची प्रत द्या आणि मूळ नोटिस फाइलमधली श्रेयं पुढे न्या. जगातल्या सगळ्यात सैल परवान्यांपैकी हे. मोबदला काही नाही, सोर्स दाखवायची सक्ती नाही, फक्त नाव राहू द्या म्हणतात. आपण बिल्डची तक्रार मिटवायला नेमकं तेच कापून टाकतो. ॲपच्या आत 'परवाने' नावाचं वेगळं पान करून हा मजकूर दिला असेल तर गोष्ट वेगळी. पण ते पान करणारा माणूस ती ओळ लिहिताना सहसा दुसऱ्या कामात असतो.

खुद्द अँड्रॉइडच्या सोर्समध्ये ही काळजी घेतलेली दिसते, हे सांगायला हवं. तिथे बाहेरून आलेले घटक 'एक्स्टर्नल' नावाच्या फोल्डरात राहतात. त्यातल्या प्रकल्पांत परवान्याच्या मजकुराशेजारी मॉड्यूल-लायसन्स असं नाव असलेली एक रिकामी फाइल सापडते; आत अक्षरही नाही, नावातच परवान्याचा प्रकार. बिल्ड होताना सगळ्या सूचना गोळा होतात आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये कायदेशीर माहितीच्या पानावर येऊन बसतात. ते पान कोणी वाचत नाही. वाचावं अशी अपेक्षाही नाही. पण ते यंत्रानं तयार होतं, माणसाच्या आठवणीवर सोडलेलं नाही, आणि सगळं मर्म त्यातच आहे. जाता जाता आणखी एक: त्या फोल्डरात एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररीही आहे. तिच्या कर्त्यांनी तिच्यावरचा हक्कच सोडून दिला आहे, परवान्याची गरजच नाही. तरीही 'आम्हाला लेखी काहीतरी हवं' म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्याच, म्हणून त्यांच्यासाठी मालकीची हमी देणारा कागद एसक्यूलाइटवाले पैसे घेऊन देतात.

वाटपाचा प्रश्न ॲप लिहिणाऱ्यापुरता राहत नाही, कारण मोबाइलवर वाटप मधल्या दुकानातून होतं आणि दुकानाच्या स्वतःच्या अटी असतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं उदाहरण इथे टाळून चालणार नाही. २०१० च्या सप्टेंबरमध्ये एका कंपनीनं व्हीएलसीची आयपॅड आवृत्ती, आणि पाठोपाठ आयफोन आवृत्ती, ॲप स्टोअरवर आणली. कोड जीपीएलखाली. जीपीएल म्हणतो की घेणाऱ्याच्या हक्कांवर आणखी निर्बंध घालू नका. ॲप स्टोअरच्या तेव्हाच्या वापराच्या अटी मात्र वैयक्तिक वापर, ठरावीक उपकरणं अशा बंधनांच्या. त्याच वर्षी मे महिन्यात ग्नू गो या खेळाच्या बाबतीत हाच वाद होऊन ॲपलनं तो काढला होता. व्हीएलसीचे एक जुने विकासक रेमी डेनी-कुर्मों यांनी हक्कभंगाची तक्रार केली आणि जानेवारी २०११ मध्ये ॲप गेलं.

त्यांच्यावर तेव्हा जी झोड उठली ती मला अन्यायाची वाटते. स्वतःचा कोड कोणत्या अटीवर वाटला जावा, हे सांगायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. पण दुसऱ्या बाजूनं, प्रकल्पातल्या इतरांनी जे केलं तेही दाद देण्याजोगं. परवाना गैरसोयीचा झाला म्हणून त्यांनी तो कानामागे टाकला नाही. ज्यांचा ज्यांचा कोड आत होता त्यांना एकेक करून गाठलं, संमती मागितली, व्हीएलसीचं इंजिन एलजीपीएल या जीपीएलच्या सैल रूपावर आणलं; ज्यांनी संमती दिली नाही त्यांचा भाग बाजूला ठेवला किंवा नव्यानं लिहिला. आयफोनची आवृत्ती मोझिला पब्लिक लायसन्स आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली जुलै २०१३ मध्ये परतली. अडीच वर्षं गेली. या खटाटोपातून निघालेली व्यवहाराची गोष्ट अशी, की कोणत्या ओळी कोणाच्या हे सुरुवातीपासून लिहून ठेवलेलं असलं, तर परवाना बदलणं निदान शक्य असतं. ज्या प्रकल्पांत लोकांचे पॅच नाव-गाव न राखता चिकटवलेले असतात, तिथे हा मार्ग कायमचा बंद.

व्हिडिओच्या क्षेत्रात या गुंत्याचे सगळे पीळ एकत्र सापडतात. व्हिडिओ-ध्वनी हाताळणारं एफएफएमपेग घ्या, असंख्य ॲप्सच्या पोटात ते आहे. साध्या बिल्डमध्ये ते एलजीपीएलखाली राहतं. एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर हवा म्हणून बिल्ड करताना जीपीएलचा पर्याय चालू केला, की ती सगळी लायब्ररी जीपीएलखाली जाते. त्याच्यावर एफडीके एएसी हे ध्वनीचं कोडेक (ध्वनी दाबून साठवणारा आणि उलगडणारा कोड) जोडायला 'नॉनफ्री'चा पर्यायही चालू केला, तर बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट शेवटी स्वतःच परवान्यापुढे लिहून दाखवते: नॉनफ्री अँड अनरिडिस्ट्रिब्युटेबल. म्हणजे घरी वापरा, कोणाला देऊ नका. तीच रिपॉझिटरी, तोच सोर्स. दोन पर्याय चालू-बंद केले की एक फाइल वाटता येते आणि दुसरी येत नाही. आता 'एफएफएमपेग ओपन सोर्स आहे' या वाक्याला काय अर्थ उरला? पॅकेजमध्ये कोणतं बिल्ड गेलं, हे कळल्याशिवाय काहीच नाही. आणि मोबाइलवर हे बिल्ड बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणीतरी आधी करून ठेवलेलं असतं. आपण त्याची तयार बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, एका ओळीत जोडून मोकळे होतो.

सिस्को या नेटवर्क कंपनीच्या ओपनएच२६४ ची तऱ्हा त्याहून गमतीची. २०१३ मध्ये सिस्कोनं हे कोडेक बीएसडी परवान्याखाली खुलं केलं. एच.२६४ या व्हिडिओच्या पद्धतीवर पेटंटं होती, त्यांचं शुल्क आम्ही भरू असंही सांगितलं. पण अट अशी, की हे संरक्षण फक्त सिस्कोनं स्वतः बनवून स्वतः वाटलेल्या बायनरीला. तोच सोर्स घेऊन तुम्ही बिल्ड केलं, तर पेटंटचं तुमचं तुम्ही बघा. शिवाय ती बायनरी तुमच्या ॲपमध्ये आधी भरून द्यायची नाही, वापरणाऱ्याच्या उपकरणावर सिस्कोकडून वेगळी उतरवायची. फायरफॉक्स ती तशीच उतरवतो. आयफोनवर मात्र ॲपनं चालणारा कोड बाहेरून उतरवू नये असा स्टोअरचा नियम, त्यामुळे तिथे ही वाटच बंद. एकच कोड, एकच परवाना. तो कोणाच्या हातून आणि कोणत्या घडीला पोचला यावर तुमची जबाबदारी ठरते. वाटप ही केवळ पोचवण्याची तांत्रिक बाब आहे असं मानणाऱ्यांनी या अटी एकदा नीट वाचाव्यात.

याच्याही खालच्या थरात हार्डवेअर कंपन्यांचे बंद ड्रायव्हर आणि फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा कोड, आहेत. तिथे तर प्रश्न उघडेपणाचाही नाही, फाइल जशीच्या तशी पुढे द्यायची परवानगी आहे का, इतकाच आहे. आणि तीही पुष्कळदा नसते. ऑगस्ट २०१३ मध्ये ज्यां-बातिस्त केरू यांनी अँड्रॉइडच्या खुल्या प्रकल्पाची देखभाल सोडली, तेव्हा कारण नेमकं हेच होतं. गूगलच्याच नावानं विकल्या जाणाऱ्या नव्या नेक्सस ७ टॅबलेटसाठी क्वालकॉमच्या ग्राफिक्स चिपच्या फाइल्स वाटायला मिळत नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय खुला सोर्स बिल्ड करून त्या टॅबलेटवर होम स्क्रीनसुद्धा येत नव्हता. सगळा सोर्स खुला असून उपयोग शून्य. चिप बनवणाऱ्यांनी सोर्स खुला करावा ही मागणी मी इथे करत नाही. ती कधी पुरी होईल असं वाटतही नाही. पण न बदलता, फुकट, त्याच चिपसाठी पुढे वाटायची परवानगी द्यायला त्यांचं काय जातं? फोन आधीच विकलेला आहे. ही एवढी परवानगी असती, तर कंपनीनं अपडेट थांबवलेल्या कितीतरी फोनांचं आयुष्य वाढलं असतं.

आता सुरक्षेबद्दल, कारण परवान्याचा कंटाळा करणारे लोकही तिथे कान टवकारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर दोष सापडला. सुरुवातीला तो क्रोमचा दोष म्हणून नोंदला गेला. काही दिवसांनी लोकांच्या ध्यानात आलं की दोष लायब्ररीत आहे, आणि ती लायब्ररी ब्राउझरांपासून चॅटच्या ॲप्सपर्यंत कुठे कुठे जाऊन बसली आहे. क्रोमची दुरुस्ती लगेच आली. पण ज्या ॲप्सनी तिची स्वतःची प्रत पॅकेजमध्ये भरली होती, त्यांच्या कर्त्यांना आधी हे शोधावं लागलं की आपल्याकडे ती आहे का. परवान्याचं पान आणि सुरक्षेची तपासणी यांना लागणारी यादी एकच असते: कोणता घटक, कोणती आवृत्ती, कुठून. ज्यांनी पहिल्यासाठी ती ठेवली होती त्यांचं दुसरं काम आपोआप झालं.

कायदा हळूहळू इकडे वळतो आहे, पण अर्धवट. युरोपीय महासंघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ पासून अस्तित्वात आला. त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादकांनी घटकांची यादी यंत्राला वाचता येईल अशा रूपात ठेवावी, असं त्यात आहे. मात्र किमान अट वरच्या थरातल्या, म्हणजे थेट जोडलेल्या घटकांपुरती आहे, आणि ती यादी लोकांसमोर ठेवायची सक्ती नाही. माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातं. आपण थेट जोडलेल्या लायब्ऱ्या आपल्याला पाठच असतात. गोंधळ असतो तो त्यांनी ओढून आणलेल्या, आणि त्या ओढून आणलेल्यांनी आणखी ओढलेल्या घटकांत. लिबवेबपीसारखी लायब्ररी कोणी हौसेनं स्वतःहून निवडत नाही. ती कशाच्या तरी पाठीवर बसून येते. आणि यादी कपाटात ठेवायची असेल तर वापरणाऱ्याला तिचा उपयोग काय?

छोट्या प्रकल्पांवर हा बोजा पडेल, हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. फावल्या वेळात एकट्यानं ॲप चालवणाऱ्या माणसाला शंभर परवाने वाचायला लावणं हा जुलूमच. पण यादी त्यानं हातानं करायची नाही. थेट जोडलेल्या आणि त्यांनी ओढून आणलेल्या लायब्ऱ्यांची साखळी ग्रेडलला बिल्ड करतानाच ठाऊक असते; नाहीतर बिल्ड झालाच नसता. परवान्यांची नावं लिहायची एसपीडीएक्स ही ठरलेली पद्धत आहे, २०२१ पासून ती आयएसओचं मानकही आहे. त्या यादीचं वाचता येईल असं पान करून देणारी खुली प्लगिन्सही आहेत. माणसानं करायचं ते एवढंच: नवा घटक जोडताना, आणि जुन्याची मोठी आवृत्ती बदलताना, परवान्याकडे एकदा बघायचं. दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. डिसेंबर २०२० मध्ये मॅपबॉक्सनं आपल्या जीएल जेएस या नकाशाच्या लायब्ररीची दुसरी आवृत्ती काढली ती खुला परवाना सोडून. पहिल्या आवृत्तीवरून मॅपलिब्र हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. आवृत्तीचा पहिला आकडा एकचा दोन झाला, आणि अपडेट सुचवणारा बॉट आकडे वाचतो, परवाना नाही.

उलट बाजूचा आक्षेपही येतो: बंद घटकांना जागाच कशाला द्यायची? एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप्सच्या दुकानानं २०१० पासून हीच रेषा धरली आहे. ॲप स्वतः सोर्सपासून बिल्ड करायचं, एकही बंद लायब्ररी आत नको; न पटणाऱ्या पण चालवून घेण्याजोग्या बाबींना 'अँटी-फीचर' म्हणून पानावरच खूण करायची. त्या कडकपणाबद्दल मला आदर आहे, आणि अशी एक जागा जगात असलीच पाहिजे. पण तोच नियम सगळ्यांना लावला, तर सूचना वेळेवर पोचवणारी कितीतरी चांगली ॲप्स ओपन सोर्सच्या नावातूनच बाहेर पडतील, आणि मग ती लपवाछपवी करतील. एफ-ड्रॉइडकडून उचलायची ती बंदी नव्हे, खूण करायची पद्धत. ॲपच्या पानावर पहिल्याच पडद्यात लिहा: या पॅकेजमध्ये हे हे घटक बंद आहेत, त्यांच्याविना असलेलं पॅकेज इथे मिळेल, किंवा मिळणार नाही.

दुकानं मात्र भलत्याच प्रश्नाचं उत्तर मागत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर बसणाऱ्या ॲपच्या विकासकाची ओळख पटलेली हवी, स्टोअरबाहेरून आलेलं ॲप असलं तरी. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये सुरुवात. एफ-ड्रॉइडनं कडाडून विरोध केला, मग जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू असंही गूगलनं सांगितलं. म्हणजे पॅकेज देणारा कोण हे तपासायची जय्यत तयारी. पॅकेजमध्ये काय आहे ते वापरणाऱ्याला सांगायची काहीच नाही.

आणि ते सांगणं अवघड आहे म्हणून नव्हे. अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगिन चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ॲपमध्ये कोणकोणत्या लायब्ऱ्या जोडल्या गेल्या त्याची माहिती आपणहून तयार करतं आणि पॅकेजच्या डिजिटल सहीच्या भागात ठेवून देतं. ती माहिती गूगल प्लेच्या किल्लीनं कुलूपबंद असते. एपीके तुमच्या फोनवर, यादी एपीकेच्या आत, आणि वाचू शकतं फक्त गूगल. विकासकाला बिल्ड फाइलमध्ये दोन ओळी लिहून ती बंद करता येते. एफ-ड्रॉइडवर येणाऱ्या ॲप्सना ती बंद करायला सांगितलं जातं, कारण न वाचता येणारा ऐवज पॅकेजमध्ये त्यांना नको आहे. माझी मागणी मधली आहे. ती यादी राहू द्या, परवान्याचा एक रकाना वाढवा, आणि कुलूप काढा.